पाळण्याला फरशीचं मेण

आक्का चिडली की घासायची, आणि घासायला लागली की आणखी चिडायची. भावाच्या सुतारकीच्या शेडमध्ये कापणं-जोडणं भावाचं, आणि तयार लाकडाला पॉलिश करून वर मेणाचा शेवटचा हात फिरवणं आक्काचं. नवरा गेल्यावर ती भावाकडं आली ती नवऱ्याची जुनी बनियनं गाठोड्यात बांधूनच. मेणाचा गोळा त्या कापडात गुंडाळायची, म्हणजे विणीतून झिरपेल तेवढंच लाकडाला लागतं. म्हणायची, "जिता होता तोवर घरकामाला हात लावला नाही. आता लावतोय."

भावाची पोरगी बाळंत झाली, तिला बघून आक्का दवाखान्यातून परतली. नातवासाठी भावानं पाळणा केला होता. लाखेचं पॉलिश आक्कानंच चढवून वाळवलं होतं, मेण तेवढं राहिलं होतं. शेडच्या दारातच तिच्या नाकात भपकारा शिरला. आत भाऊ उभा, हात कोपरापर्यंत बरबटलेले, तोंडावर पुण्य केल्याचं हसू.

"म्हटलं तुझं काम हलकं करावं. बघ कसा चकाकतोय."

"चकाकतोय? तुपात बुडून मेल्यासारखा दिसतोय." आक्कानं कठड्यावर अंगठा दाबला. ठसा उमटला. कोरलेल्या पानांच्या कोपऱ्यांत, डोळ्यांत चिपडं साठावीत तसं पिवळं मेण साठलं होतं. "कुठलं लावलंस?"

"फरशीचं. लाकडी जमीन त्याच्यावर वर्षानुवर्षं टिकते, पाळणा नाही टिकणार?"

"जमिनीवर माणसं पाय ठेवतात. कठड्याला लेकरू तोंड लावतं."

"चार दिवसांचं लेकरू. दात कुठून आणणार?"

"दात मागून येतील. नाक तर घेऊनच आलंय ना? ह्या वासात त्याला निजवू? तुला साधा डबा हुंगता आला नाही?"

"आक्का, पोरगी उद्या दवाखान्यातून तिच्या घरी जातेय. पाळणा दारात हजर असेल असा शब्द दिलाय मी."

"शब्द तुझा, आणि नाक तिच्या लेकराचं. पाळणा इथून हलणार नाही."

भाऊ पुटपुटला, की घर कुणाचं, शेड कुणाची. आक्कानं ऐकलं आणि टर्पेंटाइनची बाटली उघडली. बनियनचं फडकं भिजवून ती एकेक पान पुसायला लागली, कोपरे दातकोरण्यानं उकरायला लागली. "थापलंय नुसतं. भिंत लिंपतोस का? जास्त लावलं म्हणजे जास्त चांगलं, हे तुला जेवणातही असंच वाटतं." भावानं पोट आत घेतलं.

लाकूड मोकळं झालं, पण आता टर्पेंटाइनचा वास. तो उडायला आठवडा तरी वारा लागणार. भाऊ डोकं धरून बसला. "आता पोरीला काय तोंड दाखवू?"

आक्का घरात गेली. आपल्या कपाटाचा खालचा मोठा ड्रॉवर तिनं ओढून काढला, त्यातली लुगडी भावाच्या पलंगावर उपडी केली आणि ड्रॉवर त्याच्या पुढ्यात आदळला. मधमाशीच्या मेणाचा पातळ हात, तोही कधीचा. आतून हात फिरवला तर कापडासारखा मऊ, वास कशाचाच नाही. "घेऊन जा. जमिनीवर ठेवून निजवायचं म्हणावं. पडायची भीती नाही."

नातू त्यातच निजला, झकास निजला. पाळणा वाऱ्यावर सुकल्यावर आक्कानं नखाएवढं मेण घेऊन लावलं, ते धुरकट होईपर्यंत थांबली, मग जुन्या लोकरीच्या मोज्यानं घासघास घासलं. तेव्हाच तो भाचीच्या घरी गेला.

आता पोरगं उभं राहून कठडा कुरतडतं. बघायला येणाऱ्यांना भाऊ सांगतो, "लाकूड जरा ओलं निघालं, म्हणून पाळण्याला उशीर झाला."

आक्का तिथंच बसलेली असते. "लाकूड मुकं आहे," ती म्हणते, "म्हणून तुझं खपतंय."