मंदाताईंचा बिनपत्तीचा चहा

माझी मुलगी जन्माला यावी म्हणून एका बाईनं चहा सोडला होता.

ती बाई आज सकाळी गेली.

मंदाताई. अमडापूरच्या शाळेत माझ्या सिनियर. मी तिथे जॉइन झाले तेव्हा त्यांची वीस वर्षं नोकरी झाली होती आणि दिवसाला सात कप चहा ठरलेला होता. कडक. साय बाजूला न काढता.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे दोन गर्भपात झाले होते. दोन्ही वेळा गोड बातमी आधी गावभर झाली आणि मग लोक सांत्वनाला आले. ते सांत्वन मला जास्त लागलं.

तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा ठरवलं, तीन महिने कुणालाही कळू द्यायचं नाही. फक्त नवरा, डॉक्टर आणि मंदाताई.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "आधीचं चहामुळे झालं असं मी म्हणत नाही. पण आठ-दहा कप नकोत. एखादा ठीक."

आणि नेमका त्याच आठवड्यात आम्हा दोघींना घरोघरी सर्वे लागला. शाळेत न येणारी मुलं शोधायची.

आमच्याकडे दारात आलेल्या मॅडमला चहा न पाजता कुणी सोडत नाही. आणि लग्न होऊन अजून मूल नसलेली बाई चहाला नाही म्हणाली की सगळ्या बायका आधी तिच्या पोटाकडे बघतात.

पहिल्याच घरी कप समोर आला. माझा दिवसाचा एक कप घरीच झाला होता. मी म्हटलं, "नको."

"काऊन वं मॅडम? आमच्या घरचा चालत नाही का तुमाले?" सून म्हणाली.

सासू हसली. "का काही खबर हाय?"

मी मंदाताईंकडे पाहिलं.

मंदाताई घाईनं म्हणाल्या, "उपास हाय तिचा."

"उपासाले चहा चालते की!" सासू म्हणाली.

मंदाताई कधी खोटं बोलत नसत, त्यामुळे त्यांना ते जमतही नसे.

मग त्यांनी स्वतःचा कपही खाली ठेवला.

"खरं सांगू का माय, मी नवस बोलली देवीले. पत्तीचा चहा बंद. एकटीच्यानं निभत नाही, म्हून हिलेही जोडीले घेतलं."

विषय संपला. नवस कशाचा, हे सहसा कुणी विचारत नाही.

बाहेर आल्यावर मी हसायला लागले. त्या मात्र गंभीर होत्या.

"हासू नको वं. तोंडातून नवस निघाला. आता पाळा लागते."

"ताई, ते खोटं होतं ना!"

"देवीले काय माहीत खोटं होतं म्हून?"

आणि त्यांनी खरंच पाळला.

पहिले चार दिवस त्यांचं डोकं इतकं दुखायचं की वर्गात कपाळाला रुमाल बांधून बसायच्या. पोरं एकदम गप्प असायची.

दुसऱ्या दिवसापासून पर्समध्ये आल्याचा तुकडा आणि गवती चहाची जुडी. कुठेही गेलो की घरातल्या बाईला सांगायच्या, "पाणी तुमचं, गूळ तुमचा, फक्त पत्ती नका टाकू." त्यामुळे कुणाचा मानही मोडायचा नाही.

मला पण गवती चहा हवा होता. त्यांनी तो दिला नाही. आधी डॉक्टरबाईंना फोन लावला. "पाला-काढा काही नको, चिमूटभर आलं चालेल," एवढं कळल्यावर माझ्यासाठी तेवढंच. तेही मोजून.

माझी सकाळची मळमळ त्या कोमट आल्याच्या पाण्यानं बरीच सुसह्य झाली.

आणि त्यांचं म्हणाल तर महिनाभरात चेहराच बदलला. वर्षानुवर्षांची जळजळ थांबली. छातीत धडधडायचं ते कमी झालं.

"काल नऊ वाजता झोपली ते डायरेक्ट कोंबड्यानं उठवलं," त्या स्टाफरूममध्ये सांगायच्या. "मले वाटे वय झालं. वय नाही वं, पत्ती होती ते!"

हळूहळू आमच्या स्टाफरूममधले चौघे गवती चहावर आले. हेडसर सर्वांत शेवटी. "गवत पेऊन राह्यलो मी," म्हणत, पण रोज घ्यायचे.

नववा महिना भरला. मुलगी झाली.

मंदाताई दवाखान्यात आल्या. नवस फिटला म्हणून माझ्या नवऱ्यानं हौसेनं कडक चहा आणला. त्यांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"हे एवढं कडू मी पेत होती काय जवाईबापू?"

पुन्हा कधीच घेतला नाही. शांत झोप त्यांना इतकी आवडली होती.

नवस कशाचा होता, हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. कुणी खोदून विचारलं तर म्हणायच्या, "माहं काम झालं. बस."

मला वाटायचं, सांगायला काय हरकत आहे आता? पण माझी ती दोन दुःखं त्यांनी शेवटपर्यंत पुन्हा कुणाच्या तोंडी येऊ दिली नाहीत.

आज त्यांच्या अंगणात बायका बसल्या होत्या. एक शेजारीण रडता रडता म्हणाली, "एवढा नवस पाळला बाईनं, पण देवीनं त्यांचं काय काम केलं, कोणालेच माहीत नाही."

माझी अकरा वर्षांची लेक माझ्या मागे उभी होती.

मी तिचा हात धरून तिला पुढे आणलं.

"हे काम," मी म्हटलं.

ताई, तुमचं गुपित मीच फोडलं. रागावू नका. आम्हा दोघींचा शेवटचा नमस्कार.