जपानला पाठवलेले अकरा वाक्प्रचार

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. बीएस्सी, केमिस्ट्री, एकही केटी नाही. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये होते, तेव्हा एक्स्पोर्टची जागा रिकामी झाली. साहेब म्हणाले, "महिनाभर परदेशी पार्ट्यांचे मेल तू बघ. जमलं तर टेबल तुझं, नाहीतर परत लॅब."

इंग्रजी मला येत होतं. पण येणं वेगळं आणि साहेबलोकांसारखं येणं वेगळं. म्हणून दर रविवारी ठाण्याला ॲडव्हान्स क्लासला जायला लागले. तिथे फक्त वाक्प्रचार. सरांचा नियम असा, की शिकलेला वाक्प्रचार आठवड्यात तीनदा वापरायचा, तरच तो आपला होतो. घरी सोय नव्हती. आई म्हणायची, "आमटी कशी झालीय तेवढं सांग, बाकी राहू दे." मग मी मेलमध्ये वापरायचे.

तिसऱ्या आठवड्यात जपानला जायची बॅच फेल झाली. ओलावा जास्त. पार्टीला एकदम वाईट बातमी कशी द्यायची, म्हणून मी नीट सजवून मेल लिहिला. 'लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड'पासून 'लाइट ॲट द एंड ऑफ द टनेल'पर्यंत अकरा वाक्प्रचार. सगळे योग्य जागी, हे आजही सांगते.

उत्तर आलं, साहेबांना कॉपी: "मॅडम, डिक्शनरी घेऊन तुमचा मेल दोन तास वाचला. माझं इंग्रजी शाळेतलं आहे. माल सोमवारी निघणार का?"

माझ्या इंग्रजीसाठी कोणी डिक्शनरी उघडण्याची ही पहिलीच वेळ. पण आनंद करायला सवड मिळाली नाही. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"अगं, बॅच फेल झालीय हे यात कुठे लिहिलंयस?"

मी शोधलं. दोनदा शोधलं. नव्हतं लिहिलेलं.

"मग लिही. इथेच बस."

लिहिलं. बॅच फेल झाली. ओलावा जास्त आहे. परत सुकवतोय. सोमवारी नाही, गुरुवारी निघेल. सॉरी.

दहा मिनिटांत जपान: "थँक यू. व्हेरी क्लिअर."

साहेब म्हणाले, "हे तर सातवीतली पोरगीसुद्धा लिहील."

"हो सर. पण ते अकरा नाही लिहिणार."

ते हसले नाहीत. महिना संपल्यावर मात्र टेबल मला दिलं. अट एकच, जपानच्या मेलमध्ये वाक्प्रचार घालायचा नाही. अमेरिकेबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.