शिक्षा नसलेली शाळा

माझे वडील आयुष्यभर मास्तर होते आणि त्यांनी एकाही मुलाला काहीही शिकवलं नाही, अशी त्यांची दिल्लीत ख्याती आहे. ते स्वतः दिल्लीला कधी आले नाहीत. ही ख्याती त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं, म्हणजे मी, एका सकाळी उभ्या उभ्या पसरवली.

त्याचं असं झालं. देशात तेव्हा नुकतंच सगळं खुलं झालं होतं. परदेशी कंपन्या येत होत्या, गच्च्यागच्च्यांवर डिशच्या छत्र्या उगवत होत्या, आणि त्या गडबडीत कुणीतरी आमच्या यांना सांगलीहून उचलून दिल्लीच्या हापिसात नेऊन ठेवलं होतं. हे आधी पुढे आले. मयूर विहारमध्ये सोसायटीचा फ्लॅट मिळाल्यावर मी आणि सहा वर्षांची मिनू मागून आलो. यांचं हिंदी तोवर छान झालं होतं. माझं तर पहिल्यापासूनच छान होतं! (मराठी वाक्याच्या शेवटी 'है' लावलं की हिंदी होतं, असं माझं स्पष्ट मत होतं. शाळेत हिंदीत मी कधी नापास झाले नाही. हेडमास्तर माझे वडीलच होते.)

मिनूला पहिलीत घालायचं होतं आणि तिथेच घोडं अडलं होतं. सांगलीच्या बालवाडीत बडबड केली म्हणून तिला एकदा अंगठे धरून उभं केलं होतं. तेव्हापासून शाळेचं नाव काढलं की पोरगी पलंगाखाली! ओढून बाहेर काढावी तर एकच प्रश्न, "आई, तिथे शिक्षा असते का गं?" शेवटी मी तिला पोटाशी धरून वचन दिलं, "जिथे शिक्षा नाही, अशीच शाळा शोधीन. तोवर तू कुठे जायचं नाहीस." वचन देऊन बसले खरी, पण प्रवेश बंद व्हायला जेमतेम आठवडा उरला होता. वचन मोडावं तर पोर पुन्हा माझा शब्द खरा मानणार नाही, पाळावं तर वर्ष फुकट जाणार. माझी झोप उडाली होती.

खालच्या मजल्यावरच्या चोप्रा आंटी म्हणाल्या, "पब्लिक स्कूल में डालो जी, सब वहीं डालते हैं."

मला बरं वाटलं. पब्लिकची म्हणजे सरकारी! मास्तरांची लेक मी, मला तीच हवी होती. जाऊन बघते तो फाटकावर दंडुका घेऊन पहारेकरी उभा, आणि पब्लिकला आत सोडत नव्हता!

"अगं, इथे पब्लिक स्कूल म्हणजे पब्लिक सोडून बाकी सगळ्यांची," यांनी रात्री जेवताना खुलासा केला.

मग मी पदर खोचला. आसपासच्या निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या शाळा एकेक करून बघायच्या आणि त्यातली चांगली निवडायची. मेथीची जुडी घेताना मी चार गाड्या फिरते, मग शाळा काय पहिली दिसेल ती घ्यायची?

"मी येतो ना बरोबर," हे म्हणाले. "तुझं हिंदी जरा..."

"माझ्या हिंदीला काय झालंय?"

हे निमूटपणे डबा घेऊन ऑफिसला गेले. (सुज्ञ माणूस आहे.)

पहिली शाळा सोसायटीच्या मागेच होती. अंगण झाडलेलं, हातपंपाला पाणी, वर्गांतून पाढ्यांचा आवाज. माझं मन भरलं. हेडमास्तर पंख्याखाली बसले होते. मी थेट मुद्द्यालाच हात घातला.

"आपके यहाँ शिक्षा होती है क्या?"

ते ताठ बसले. "होती है? बहनजी, सुबह से दोपहर तक शिक्षा ही शिक्षा होती है!"

"छोटे बच्चों को भी?"

"उन्हीं को तो सबसे ज्यादा! नींव पक्की होनी चाहिए."

"लडकियों को भी?" माझा आवाज चिरकला.

"लडकियों को पहले! ऊपर से ऑर्डर है जी, एक भी लडकी शिक्षा से छूटनी नहीं चाहिए!"

मी ताडकन उठले. वळून बघते तर समोरच्या भिंतीवर हातहातभर अक्षरांत रंगवलेलं, 'शिक्षा हर बच्चे का अधिकार है'. काय हा निर्लज्जपणा! मारकुटे मास्तर आमच्याकडेही होते, पण बिचारे भिंतीवर लिहून मारत नव्हते. मी पाणीसुद्धा न पिता बाहेर पडले.

दुसरी शाळा बाजाराजवळ, तंबूत भरत होती. (इमारत व्हायची होती. ती व्हायची आहे असं सगळेच मोठ्या अभिमानानं सांगत होते.) एकदा पोळलेली मी, आता जरा आडवळणानं सुरुवात केली. दारातल्या तरुण मास्तरांना विचारलं, "पहिली की बाई कैसी है?"

आमच्याकडे शाळेत शिकवते ती बाई. दिल्लीत बाई म्हणजे मोलकरीण, हे मला कुणी सांगितलं होतं?

"बाई का क्या भरोसा जी," मास्तर वैतागून म्हणाले. "मन किया तो आती है, झाडू मारती है, चली जाती है."

मी छातीवर हात ठेवला. "झाडू से मारती है? सबको?"

"जिस दिन आती है उस दिन एक कोना नहीं छोडती!"

"और आप कुछ बोलते नहीं?"

"हम क्या बोलें? शिकायत करनी हो तो शिक्षा विभाग में कीजिए."

विभाग! या शहरात शिक्षेचं स्वतंत्र खातं होतं! वर मंत्रीही असणार! मी घरी आले आणि यांना म्हटलं, "इथे सगळे मुलांना बडवतात हो!" हे म्हणाले, "असेल बाई, मोठं शहर आहे," आणि टीव्हीवरच्या बातम्या मोठ्या केल्या.

तिसऱ्या शाळेत मी गेले ती भांडायच्याच तयारीनं. मिनूला चोप्रा आंटींकडे ठेवलं होतं. ही शाळा कडुनिंबाखाली, बैठ्या चार खोल्यांची. टेबलावरच्या वहीत मी नाव, सोसायटीचा पत्ता आणि 'सांगली, महाराष्ट्र' असं सगळं ठणठणीत लिहिलं. मुख्याध्यापिका त्यागी मॅडम, बुटक्या, गोल चष्म्याच्या, मोठ्या आवाजाच्या. "बैठिए," म्हणाल्या. मी बसले नाही.

"पहले ही बोलती हूँ. हमारी लडकी को शिक्षा नहीं चाहिए!"

त्यांच्या हातातलं पेन टेबलावर पडलं. "नहीं चाहिए?"

"बिल्कुल नहीं. थोडी भी नहीं."

"तो यहाँ क्यों आई हैं?"

"स्कूल में डालने!"

त्यागी मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "और लडका होता तो?"

"लडका होता तो भी नहीं देते! हमारे घर में शिक्षा किसी को नहीं देते. मेरे पिताजी सारी जिंदगी मास्टर थे, एक भी बच्चे को शिक्षा नहीं दी!"

"फिर वो करते क्या थे?"

"प्यार करते थे!"

"और तनख्वाह?"

"बराबर मिलती थी! सरकार ने आदर्श शिक्षक का इनाम भी दिया!"

"महाराष्ट्र में?" त्यांनी खोल गेलेल्या आवाजात विचारलं.

"महाराष्ट्र में!" मी अभिमानानं म्हणाले आणि ताडताड निघून आले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दारावरची बेल वाजली. दारात त्यागी मॅडम! उन्हानं लालबुंद, घामानं निथळत, सोबत दोन शिक्षिका, मागे चोप्रा आंटी आणि त्यांच्या मागे जिनाभर सोसायटी.

"कहाँ है वो बच्ची?" असं विचारत मॅडम आतच शिरल्या.

"हाय राम, भाभीजी," चोप्रा आंटी रडवेल्या झाल्या होत्या, "मिनू को पढाओगे नहीं?"

"पढाऊँगी! पर शिक्षा नहीं दूँगी!"

जिन्यात वरपासून खालपर्यंत सुस्कारा गेला. मिनू अर्थातच पलंगाखाली होती. त्यागी मॅडम गुडघे धरत, कण्हत जमिनीवर बसल्या आणि वाकून पलंगाखाली बघत विरघळलेल्या आवाजात म्हणाल्या, "डरो मत बेटी. मैं आ गई हूँ. तुम्हें शिक्षा चाहिए ना?"

पलंगाखालून किंकाळी आली, "नहीं! मुझे शिक्षा मत दो! मैंने कुछ नहीं किया!"

"देखा, बच्ची के मन में क्या भर दिया है!" एक शिक्षिका माझ्याकडे बघत म्हणाली.

त्यागी मॅडम मात्र थबकल्या. "कुछ नहीं किया? बेटी, शिक्षा में क्या होता है?"

मिनू मुसमुसत बाहेर आली आणि वाकून, दोन्ही पायांचे अंगठे धरून उभी राहिली.

 मॅडमनी त्या अंगठ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बहनजी, आपकी भाषा में सजा को क्या कहते हैं?"

"शिक्षा!"

"और पढाई-लिखाई को?"

"शिक्षण! आणखी काय..." आणि मी जीभच चावली. भिंतीवरचं ते हातहातभर अक्षरांतलं वाक्य डोळ्यांपुढे आलं. मग पंख्याखालचे ते बिचारे हेडमास्तर. आणि मग, अरे देवा, माझे वडील!

त्यागी मॅडमचं पोट आधी हललं, मग खांदे, मग चष्मा नाकावरून घसरला. त्यांना हसताना उठता येईना, आणि उठवायला गेलेल्या दोघी शिक्षिका त्यांच्याच शेजारी बसून हसू लागल्या. चोप्रा आंटींनी दारातून जिन्याला सगळं समजावून सांगितलं, आणि हसण्याचा आवाज एकेक मजला उतरत खाली फाटकापर्यंत गेला. आता पलंगाखाली जायची पाळी माझी होती!

मॅडमनी डोळे पुसले आणि मिनूचे हात अंगठ्यांवरून सोडवले. "हमारे स्कूल में बच्चों को कोई सजा नहीं देता. हाँ, मम्मियों को मुर्गा बना सकते हैं."

मिनूनं माझ्याकडे बघितलं. मला कान धरून, ओणवी, मुर्गा म्हणजे कोंबडा झालेली डोळ्यांपुढे आणली असावी, कारण पोरगी खुदकन हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "आई, मी हिच्याच शाळेत जाणार," म्हणाली.

मी तोंड फिरवून पाणी आणायला गेले, कारण मला रडू येत होतं. जिला आईच शिकू देत नाही अशी परक्याची एक पोर, तिच्यासाठी ही बाई त्या उन्हात पायी चालत आली होती. (बाई म्हणजे आमच्या अर्थानं बाई!) मी शाळा शाळा हिंडून चांगली कुठली ते बघत होते, आणि ती आपणहून येऊन माझ्या फरशीवर बसली होती.

दुसऱ्या दिवशी प्रवेशाला हे अर्धी रजा टाकून आले. "आज मी बोलणार," त्यांनी रिक्षातच बजावलं. मी मान डोलावली. मिनू मॅडमच्या टेबलाला टेकून उभी राहिली आणि त्या एकेक विचारून लिहू लागल्या.

"पिता की शिक्षा?"

"बी. कॉम.," हे म्हणाले.

"माँ की शिक्षा?"

पेन थांबलं. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. यांनी ओठ घट्ट मिटून खिडकीकडे तोंड केलं. मिनूसुद्धा वळून माझ्याकडे बघू लागली.

"जी," मी खाली मान घालून म्हणाले, "कल दोपहर से शुरू हुई है."