नणंदबाईंची अकरा मशिनं

दुसऱ्याने भंगारात टाकलेलं शिलाई मशीन दिसलं की चालत्या रिक्षातून उतरायला निघणारी बाई सबंध ठाणे जिल्ह्यात एकच आहे, आणि ती माझी थोरली नणंद आहे. कोर्टात स्टेनो म्हणून त्यांची नोकरी झाली, लग्न त्यांनी केलं नाही, आणि निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात वर्तकनगरच्या आपल्या दोन खोल्यांत त्यांनी पहिलं मशीन आणलं. आता अकरा आहेत. खुर्च्यांना जागा उरलेली नाही, त्यामुळे पाहुण्यांना स्टुलावर बसवून चहा मशीनवरच मिळतो. एखाद्याचा पाय नकळत खालच्या पायडलवर पडला की कपबशी थरथरते आणि पाहुणा दचकतो. "घाबरू नका, बरं आहे त्याचं," ताई म्हणतात. जसं काही मशीनच दचकलंय.

डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर, कुठल्या गल्लीत जुन्या सामानाचं दुकान आहे हे त्यांना पाठ आहे. दुकानदार काही सांगायच्या आत त्या चाक हाताने अर्धं फिरवतात, कान खाली नेतात आणि निकाल देतात. "गंज वरवरचा आहे. तेल मागतंय बिचारं." हा निकाल माणसांनाही लागू असतो. माझ्या नवऱ्याविषयी लग्नाआधीच त्यांनी मला सांगितलं होतं, "माझा भाऊ चांगला आहे, पण दोरा जरा ताणलेला असतो. सैल करून घे."

माझ्या भाच्याच्या लग्नाला डोंबिवलीला आम्ही एकत्र निघालो होतो. ताई पैठणीत होत्या. वाटेत एका दुकानाबाहेर त्यांना एक हातमशीन दिसलं आणि हॉलमध्ये आम्ही तिघं पोचलो, मी, ताई आणि मशीन. मुलीच्या आईने ते पाहून ताईंचे दोन्ही हात धरले. "आजकाल एवढ्या मनाने कोण देतं हो?" दुसरं कोणी असतं तर संकोचाने मशीन तिथेच देऊन टाकलं असतं. ताई शांतपणे म्हणाल्या, "ते माझं आहे. तुमचं पाकीट पर्समध्ये आहे." सगळं जेवण त्यांनी मशीन पायाशी ठेवून केलं.

एवढं असून त्यांना शिवता येतं असं मी शपथेवर म्हणणार नाही. सरळ शिवण येते, म्हणून आमच्या साऱ्या नात्यातल्या उशांना त्यांचे अभ्रे आहेत. एकदा मला ब्लाउज शिवून दिला. त्याच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या होत्या.

गेल्या वर्षी कल्याणजवळच्या मोहने गावात एका भंगारवाल्याकडे मात्र त्यांना असं मशीन मिळालं की त्या बोलायच्याच थांबल्या. काळं कुळकुळीत, अंगावरची सोनेरी वेलबुट्टी शाबूत, चाक बोटाच्या धक्क्याने फिरणारं. मग त्यांनी बाजूचा खण उघडला. आत लाल चौकटीचा छोटासा फ्रॉक होता, एक खांदा शिवायचा राहिलेला.

"अर्धं काम टाकून कोणी मशीन विकत नाही," ताई म्हणाल्या. "हे दुसऱ्यानेच कोणीतरी विकलंय."

भंगारवाल्याने घर दाखवलं. जवळच्याच चाळीत एक आजी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. ताईंनी फ्रॉक पुढे धरला तशी आजींनी सूप खाली ठेवलं. हा फ्रॉक त्या पणतीसाठी शिवत होत्या. दिसेनासं झालं म्हणून काम थांबलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि घरी येऊन बघतात तर मशीन नाही.

"पलंगाला जागा पाहिजे होती," आतून आलेला आजींचा मुलगा खाली बघत म्हणाला. "वाटलं, आता आई काय शिवणार."

"आता तर दिसाया लागलंय मला," आजी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून ऐकवत नव्हतं.

ताईंनी फ्रॉक आजींच्या मांडीवर ठेवला. त्यांना ते मशीन किती हवं होतं हे मला माहीत होतं. मग त्या मुलाला म्हणाल्या, "चला, उचलू लागा. ओटीवर राहील ते."

ताईंनी भंगारवाल्याला पैसे दिले आणि मशीन चाळीत आलं. आजींनी पहिल्याच खेपेला सुईत दोरा ओवला आणि राहिलेला खांदा आमच्यादेखत शिवला. पणती एव्हाना शाळेत जाऊ लागली होती. "ऱ्हाऊ दे," आजी फ्रॉकची घडी घालत म्हणाल्या, "कुणाच्या तरी अंगाला येईल."

परतताना कल्याण आलं तशा ताई माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "घरच्या अकरांपैकी एकाचंही घर मी विचारलं नाही गं."

तेव्हापासून त्या दुकानात चाक फिरवायच्या आधी विचारतात, कुणाकडून आलं? बहुतेकांना आठवत नाही. जुन्या सगळ्या दुकानदारांकडेही त्या आपला फोन नंबर ठेवून आल्या आहेत, कुणी मशीन शोधत आलं तर द्या म्हणून. त्यामुळे हल्ली अनोळखी नंबर दिसला की ताई पहिल्याच घंटीला फोन उचलतात. पलीकडे विमा विकणारी एखादी मुलगी असते. ताई तिचं सगळं ऐकून घेतात आणि विचारतात, "तुमच्याकडे कधी शिलाई मशीन होतं का हो?"

मुली फोन ठेवून देतात. परवा मी तिथेच बसले होते. स्पीकर चालू होता. पलीकडच्या मुलीने फोन ठेवला नाही, हळूच म्हणाली, "होतं ना. आईचं."

ताईंनी स्टूल पुढे ओढलं आणि म्हणाल्या, "सांग, कसं होतं?"