उतारावर न थांबणारी गाडी

मेहकरात माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे रस्त्याकडेला टिनाचं छप्पर, खाली एक खड्डा आणि माझी तिखट जीभ. हात बरा होता म्हणून लोक जीभ सोसून घेत. महाराष्ट्र होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. आमच्याकडे यायच्या त्या जीपा, ट्रक, नाहीतर एखाद्या डॉक्टरची जुनी मोटार. त्यांच्या पोटात काय आहे ते मला तोंडपाठ होतं आणि खरं सांगायचं तर त्याचा कंटाळा यायला लागला होता.

अशात साखरखेर्ड्याच्या एका पाटलांचा ड्रायव्हर बैलगाडीच्या चालीनं एक मोटार घेऊन आला. गाडी फ्रान्सची. मुंबईतला कुणी साहेब मायदेशी परतताना विकून गेला होता. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि थोड्या वेळानं ती म्हशीसारखी खाली बसायला लागली. मी म्हटलं, मेली की काय. त्यानं इंजिन पुन्हा सुरू केलं तर उठलीसुद्धा, आणि उठली तीही ढोरासारखी, आधी मागून आणि मग पुढून. मी हातातला चहा तसाच ठेवला. खाली वाकून पाहिलं तर नेहमीच्या स्प्रिंगा कुठंच नाहीत. सगळी गाडी तेलाच्या दाबावर तरंगत होती आणि त्याच तेलावर तिचे ब्रेक चालत होते.

पाटलांनी ही गाडी हौसेसाठी घेतली नव्हती. त्यांची बायको काही वर्षांपूर्वी बैलांच्या दमणीतून पडली, तेव्हापासून तिच्या कण्याला धक्का सोसत नव्हता. एसटीत बसली की आठवडाभर अंथरूण धरायची, त्यामुळं माहेर तुटलं होतं. माहेर जानेफळला, आणि तिथं आता आई खाटेला खिळलेली. ह्या मऊ गाडीतून तिला नेता येईल असं वाटलं होतं. पण बाईंना बसवण्याआधी पाटील स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून चक्कर मारायला निघाले, तर उतारावर ब्रेक लागले नाहीत आणि गाडी तुरीच्या शेतात शिरली. ब्रेक नीट झाल्याशिवाय घरचं कुणी तिच्यात बसणार नाही, असं पाटलांनी बजावलं. बाईंनी मात्र ड्रायव्हरजवळ वेगळा निरोप दिला होता. "मिस्त्रीले म्हणा, लवकर करा. आई वाट पाहून राह्यली."

मी कामाला लागलो. ब्रेकचा पायडल म्हणावा तर तिथं अर्ध्या लिंबासारखं एक रबरी बटण. दाबलं तर जेमतेम हलायचं. मागची बाजू जॅकवर उचलली, इंजिन चालू ठेवून ड्रायव्हरला बटण दाबून धरायला सांगितलं आणि चाक हातानं फिरवलं. ते जत्रेतल्या पाळण्यासारखं फिरलं. चोर सापडला म्हणून मी खूश झालो. दोन्ही चाकं उघडली, तर आत सगळं ठाकठीक. पुन्हा बसवलं, पुन्हा तेच. चिडून मी ड्रायव्हरवर ओरडलो, जो बिचारा फक्त बटण दाबत होता.

शेवटी गाडी खाली उतरवली, शेजारच्या दुकानातून सरकीची पोती आणून मागं भरली आणि मैदानात पळवून ब्रेक दाबला. मागच्या चाकांनी मातीत लांब रेघा ओढल्या. पोती काढली तर रेघा पुसट. तेव्हा उजेड पडला. मागच्या अंगावर जेवढं वजन, तेवढाच जोर ती मागच्या ब्रेकला देत होती. मी तिला अधांतरी टांगून वजनच काढून घेतलं होतं आणि वर विचारत होतो, ब्रेक का लागत नाही? ही अक्कल कुण्या इंजिनिअरनं तेलात कशी घातली असेल, ह्याचा विचार करत मी जेवायचं विसरलो.

पण मग उतारावर काय होत होतं? सपाटीला तर ती छान थांबत होती. मी ड्रायव्हरला म्हटलं, तू रोज चालवतोस तशी चालव, आणि त्याच्या शेजारी बसून पैनगंगेकडच्या उताराला गेलो. उतार लागला तसा त्याचा हात किल्लीकडं गेला आणि त्यानं इंजिन बंद केलं.

त्यात त्याचं काही चुकलं असं त्याला वाटायचं कारण नव्हतं. पेट्रोल वाचवायला आमच्याकडचा प्रत्येक ड्रायव्हर उतारावर हेच करी. मीही करत असे. इतकी अंगवळणी पडलेली गोष्ट कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. त्यानं ब्रेक दाबला, लागला. पुन्हा दाबला, अर्धवट लागला. तिसऱ्यांदा काहीच नाही. मी हात घालून किल्ली फिरवली, इंजिन घरघरलं आणि पुढच्या दाबाला गाडी जागेवर उभी राहिली.

तेलाला दाब देणारा पंप इंजिनवर फिरत होता. इंजिन थांबलं तर वेळेला उपयोगी पडावा म्हणून थोडा दाब एका लोखंडी गोळ्यात साठवलेला असे, पण गोळ्यातला गॅस जुना होऊन निघून गेला होता. म्हणजे गाठीला काही नाही आणि कमाईही बंद. नवा गोळा मुंबईहून यायला वेळ लागणार होता. तोवर इंजिन चालू ठेवलं की ब्रेक पक्के होते. तो उतार मी पोती भरून आणि रिकाम्या गाडीनं पुन्हा पुन्हा उतरून पाहिला, मगच पाटलांना कळवलं. ते म्हणाले, मग पहिल्यांदा तुम्हीच चालवा. सकाळी पोचवा, संध्याकाळी परत आणा.

बाई मागं उशांना टेकून बसल्या. खड्डा आला की मी आरशात त्यांचा चेहरा पाही. जानेफळपर्यंत तो एकदाही आक्रसला नाही. माझा ऊर भरून आला, लपवत नाही.

संध्याकाळी मी गाडी सुरू करून उभा होतो. बाई उंबऱ्याशी आल्या. आतून म्हातारीचा खोकला ऐकू येत होता.

"भाऊ, माह्यं एक ऐकजा. घरी सांगा, ब्रेक पुन्हा गेले."

मी म्हटलं, "वहिनी, ब्रेक एकदम पक्के हायेत."

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. "पण ते पक्के असले तर मले आज जा लागते."

मी इंजिन बंद केलं. गाडी तिथंच सोडून दुसऱ्या दिवशी एसटीनं साखरखेर्ड्याला गेलो आणि ब्रेक पुन्हा गेले असं पाटलांना सांगितलं. तुमच्याच्यानं काही होत नाही, असं ते चारचौघांत म्हणाले. एरवी एवढ्यावर मी पाना फेकून चालता झालो असतो. मी मान खाली घालून मुंबईचा माल आला की बघतो म्हटलं.

म्हातारी होती तोवर गाडी नादुरुस्त राहिली. तिचे दिवस झाल्यावर मी बाईंना घेऊन परत आलो. पाटलांनी विचारलं, नेमकं बिघडलं तरी काय होतं? बाई गाडीतून उतरत होत्या. मी म्हटलं, मले काही समजलं नाही.