तू म्हणणारं माणूस

सेलूच्या स्टँडवर त्या दिवशी मला सोडायला आई, बाबा आणि मोठे बाबा आले होते. मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. मला पुण्यात नोकरी लागली होती, रेल्वे वर्ध्याहून होती आणि वर्ध्याची एसटी समोर घरघरत उभी होती. आईनं पिशवीत आमच्या वावरातली वांगी आणि सांबाराच्या जुड्या कोंबल्या होत्या. सांबार म्हणजे पुण्याची कोथिंबीर. पुण्यात जणू काही पिकतच नाही. बाबा मान खाली घालून त्या पिशवीची गाठ उगाच सोडत होते आणि पुन्हा बांधत होते. त्यांचे डोळे भरलेले आम्हा सगळ्यांना दिसत होते, पण बोलायची हिंमत एकट्या मोठ्या बाबांची.

"काऊन बे, तू काऊन रडून राह्यला? पोरगी लढाईवर चालली का?"

बाजारात ज्यांना सगळे 'भाऊ, तुम्ही' म्हणत, ते माझे बाबा बाहीनं डोळे पुसून हसले. एसटी वळेपर्यंत ते दोघे भाऊ मला खिडकीतून दिसत होते.

तुमच्यापैकी जे आपल्या भागातून बाहेर पडले, त्यांना पुढचं ठाऊक असेल. आपल्याकडे आजीला तू, मामाला तू, शेजारच्या म्हातारीलाही तू. फार तर बापाला तेवढं तुम्ही. पुण्यातल्या घरमालकीणबाईंना मी पहिल्याच दिवशी मोठ्या प्रेमानं म्हटलं, काकू, तू बस, चहा मी टाकते. काकू बसल्या, पण त्यानंतर बरेच दिवस त्यांनी माझ्या हातचा चहा काही घेतला नाही. मग मी शिकले. अहो-जाहो शिकले, 'कृपया' शिकले. इतकं अंगवळणी पडलं की एकदा फोनवर आईलाच 'तुम्ही' म्हणून बसले. तिनं हळूच विचारलं, "माह्यावर रागावली का वं तू?"

माझी कंपनी दवाखान्यांसाठी फोन करते. म्हणजे माणूस नाही करत, मशीन करतं. बीपी-शुगरच्या पेशंटला रोज संध्याकाळी फोन जातो आणि रेकॉर्ड केलेला आवाज गोळीची आठवण करून देतो. मराठी मजकूर बघणं हे माझं काम. सुरुवातीला मीटिंग झाली तेव्हा माझ्याहून लहान सहकाऱ्यांचं म्हणणं पडलं की 'तुम्ही' म्हटलं की सरकारी वाटतं, आपण तू म्हणू, लोकांना घरचं वाटेल. मी म्हटलं, अरे, ही आपल्या आईबापांच्या वयाची माणसं आहेत. पण माझं कोणी मनावर घेतलं नाही. एका नटाच्या जड आवाजात रेकॉर्डिंग झालं: काय मग, गोळी घेतलीस ना? विसरू नकोस हं.

त्याच सुमारास मोठे बाबा गेले. बाबा गप्प झाले. वावरात जात, भाजी तोडत, पण बीपीची गोळी पाकिटातच राहायची. आई ओरडली की 'घेतो, घेतो' म्हणत आणि विसरत. मला पुण्यात बसून घोर लागला होता. मग आमच्याकडचा दवाखानाही कंपनीच्या यादीत आला आणि बाबांना तो संध्याकाळचा फोन सुरू झाला. आठवडाभरातच आईनं आनंदानं कळवलं की आता गोळी बरोबर वेळेवर होते. एवढंच नाही, बाबा त्या आवाजाला उत्तर देतात. घेतली न, म्हणतात. तू जेवला का, म्हणून विचारतात.

मला हसू आलं. बाबांना म्हटलं, अहो, ते मशीन आहे.

"मले मालूम हाय, मशीन होय ते," बाबा म्हणाले. "पन तू तं म्हन्ते न."

माझं हसू तिथेच थांबलं. आजी-आजोबा कधीच गेले होते. आता मोठे बाबाही नव्हते. आई त्यांना लग्नापासून तुम्ही म्हणते, मीही तुम्ही म्हणते, आणि अख्खं गाव भाऊ म्हणतं. माझ्या बापाला तू म्हणणारं माणूस जगात उरलं नव्हतं.

आणि मग तक्रारी यायला लागल्या. हिंगणघाटच्या मिलमधून निवृत्त झालेल्या एका आजोबांनी फोन केला होता. त्यांचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आलं. "मिलमधी मुकादम तू म्हने," ते सांगत होते. "पगाराच्या खिडकीवरचा बाबू तू म्हने, त्याचा पोरगाही तू म्हने. आता म्हातारपनी मशीनही तूच म्हनून राह्यली. तुमी साहेब लोक आपसात असेच बोलता का जी?" आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. माझ्या घरातला 'तू' मायेचा होता, कारण म्हणणाऱ्याला तो अधिकार होता. या माणसाला तो जन्मभर न विचारता चिकटवला गेला होता, आणि आम्हीही तेच केलं होतं.

मजकूर बदलायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. प्रत्येकाला विचारून तू की तुम्ही ते ठरवू, असं मी सुचवून पाहिलं. एवढ्या लोकांना विचारत कोण बसणार, सहकारी म्हणाले. मग मी लिहायला बसले. नमस्कार. तुम्ही आजची गोळी घेतली का? लिहिताना हिंगणघाटच्या आजोबांचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करत होते, पण समोर यायचे बाबाच. हा फोन बदलला आणि त्यांची गोळी पुन्हा पाकिटात राहिली तर? माझ्याच हातानं मी त्यांचा उरलासुरला तू काढून घेत होते. मला रडू आलं. मजकूर पाठवण्याआधी आईला फोन करून सगळं सांगितलं.

आईनं शांतपणे ऐकून घेतलं. "त्या हिंगनघाटवाल्याचं बरोबर हाय," ती म्हणाली. "तू लिही तुले लिहाचं ते. इकडचं मी पाहीन." कसं पाहशील, विचारलं तर तिनं भाजी लागायचं निमित्त काढून फोन ठेवला.

दिवाळीला घरी गेले. संध्याकाळी फोन वाजला तसे बाबा ताठ बसले. माझं वाक्य त्या जड आवाजात आलं. "हो जी, घेतो जी," बाबा अदबीनं म्हणाले आणि फोन खाली ठेवला. गोळी तळहातावर होती, पण तोंडात जाईना. ते स्वयंपाकघराकडे बघत होते. आत आईनं पदर तोंडावर धरला आणि आवाज होईल तितका जाड केला.

"काऊन रे, गोळी घेतली का तू?"

"घेतली न, घेतली," बाबा म्हणाले आणि हसत गोळी गिळली. मला दारात उभी बघून आई एवढी लाजली की तिच्या हातातलं पोळीचं पीठ सांडलं. गोळीपुरतंच म्हणते, तिनं मला बजावलं, आणि गावात कोणाला सांगायचं नाही. गावात मी नाही सांगितलं.

परत निघाले तेव्हा स्टँडवर आम्ही तिघंच होतो. पिशवीत वांगी होती, सांबार होता आणि बाबा पुन्हा गाठ सोडत-बांधत होते. पुण्यात आता मलाही सगळे तुम्ही म्हणतात, आणि तो मान मला हवाच आहे. पण घर म्हटलं की आजकाल मला तो स्टँडच दिसतो. दिवाळीची गर्दी होती, अर्धं गाव तिथे होतं. आईनं एकदा इकडेतिकडे पाहिलं, पदर सारखा केला, बाबांच्या अगदी जवळ सरकली आणि आवाज जाड न करता, स्वतःच्याच आवाजात म्हणाली,

"तू काऊन रडून राह्यला?"