नाटकाकडे पाठ करणारा मामा

माझ्या मामानं जन्मभर नाटकं ऐकली, पण पाहिलं एकही नाही. तंजावुरात कालव्याकाठी झावळ्यांनी शाकारलेलं एक नाटकगृह होतं. त्याला सगळे कोट्टगै म्हणत. पन्नासच्या दशकात तिथं गावोगावच्या कंपन्या उतरत आणि सगळी व्यवस्था मामाकडे असे. खेळ सुरू झाला की हा रंगमंचाला पाठ करून प्रेक्षकांकडे तोंड करून उभा. मागं साक्षात विष्णू अवतरला तरी ह्याची नजर बायकांच्या बाजूच्या अरुंद दारावर. पुढच्या रांगेतले लोक वैतागून "रायर, जरा बसा" म्हणत; तिकडे मराठी माणसाला रायरच म्हणतात. तो बसत नसे.

खेळ संपल्यावर रिकाम्या कोट्टगैत फेरी मारून तो आमच्या घरच्या जुन्या मराठीत मोठ्यानं विचारी, "अस्के बाहेर?" सगळे बाहेर पडले ना, एवढंच त्याला हवं असे. आत चिटपाखरूही नसे. आम्ही भावंडं घरी त्याची नक्कल करून हसायचो. आई हसत नसे. त्या दोघांची धाकटी बहीण पापनाशम गावी अशाच एका नाटकाच्या छपराखाली गेली होती. आग लहानशीच होती, विझलीसुद्धा. पण कुणीतरी आग आग म्हणून ओरडलं आणि दारात चेंगराचेंगरी झाली. "ती आगीनं गेली नाही, ओरडण्यानं गेली," असं मामा म्हणे आणि विषय बदली.

मी शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते तेव्हाची गोष्ट. रविवारी संध्याकाळी आईला घेऊन पौराणिक नाटकाला गेले होते. तिचे गुडघे दुखत, म्हणून आम्ही भिंतीशी, दारापासून लांब बसलो. मध्येच वीज गेली. पेट्रोमॅक्स टांगले गेले आणि खेळ पुढं चालू झाला. थोड्या वेळानं पडद्यामागून धूर येऊ लागला. देव प्रकटताना कंपनी ऊद जाळायची, त्यामुळं लोकांनी हातच जोडले. मामानं मात्र नाक वर केलं. आईनं माझं मनगट घट्ट धरलं.

मामा रंगमंचावर चढला. राजाचं भाषण अर्धंच झालं होतं. मामानं पेटीवाल्याच्या कानात काही सांगितलं, हात जोडले आणि खेळाच्या शेवटी म्हणतात ते मंगळ म्हणायला लागला. आवाज बेसूर, शब्द आमच्या भजनातले मराठी, पण चाल सगळ्या तंजावूरची. मंगळ सुरू झालं की आमच्याकडे माणूस उठतो आणि ते झाल्यावर पुन्हा खेळ मांडणं अशुभ. लोक कुरकुरत उठले, चपला शोधल्या, आजच्या खेळाला शिव्या घालत रांगेनं निघाले. मामाच्या डोक्यामागं झावळ्यांतून लाल ठिणग्या पडत होत्या. त्यानं मान वळवली नाही. संपत आलं की पुन्हा पहिल्यापासून म्हणे. आमच्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. मी आईला धरून ओढत होते, ती पाय रोवून मागं बघत होती. 

आम्ही बाहेर पडलो आणि अर्धं छप्पर भडकलं. लोकांना तेव्हा कुठं कळलं. नट बाहेर आले, पेटीवाला आला. आई म्हणत राहिली, "अण्णा आत आहे. अण्णा अजून आत आहे." शेवटी धुरातून त्याचा आवाज आला, "अस्के बाहेर?" मग तो आला. भुवया जळालेल्या.

आई त्याच्याशी कित्येक दिवस बोलली नाही. मग एकदा जेवायला वाढताना तिनं विचारलंच, "मी तिथं बसले होते, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस?" मामा पानाकडे बघत म्हणाला, "बघितलं असतं तर तुझं नाव घेऊन ओरडलो असतो."

मामा गेला तो साठच्या दशकात, अंथरुणात, शांतपणे. तेराव्यानंतरच्या एकादशीला घरी भजन होतं. शेवटी मंगळ सुरू झालं, सगळे उठले. आई तेवढी बसून राहिली. तिचे गुडघे धरले असतील म्हणून मी हात पुढं केला. तिनं तो बाजूला सारला.

"बसू दे माला," ती म्हणाली. "अण्णा अजून आत आहे."